भोपळ्याच्या गरात बुडालेले हात : हॅलोविनच्या बालखेळांचा इतिहास आणि त्यातला विसरलेला प्रश्न

#इतिहास #धागा

१. ऑक्टोबरच्या अखेरीस मोठ्या शहरांतील अनेक बालवाड्यांत आता एक ठरावीक दृश्य दिसते. मेजावर एक पसरट परात असते. तिच्यात कापलेल्या भोपळ्याचा गर आणि बिया असतात. भिंतीवर काळ्या कागदाची वटवाघळे आणि कापसाची भुते चिकटवलेली असतात. तीन-चार वर्षांची मुले कोपरापर्यंत हात बुडवून बिया शोधत असतात. त्याच आठवड्यात समाजमाध्यमांवर दरवर्षीचा वाद रंगतो. एक पक्ष म्हणतो, ही परक्यांची भुताटकी आपल्याकडे कशाला? दुसरा म्हणतो, मुलांची मजा आहे, सोडून द्या. या धाग्याचे म्हणणे असे की दोन्ही पक्षांना या खेळांचा इतिहास ठाऊक नाही, आणि म्हणून खरा प्रश्न दोघांच्याही हातून निसटतो.

२. आरंभ ‘प्राचीन’ या शब्दापासून करावा लागतो. हॅलोविन म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या केल्टिक ‘साउइन’ सणाचे अखंड चालत आलेले रूप, असे सर्रास सांगितले जाते. साउइन हा आयर्लंडमधील ऋतुसंधीचा सण होता आणि तो १ नोव्हेंबरच्या सुमारास येत असे, एवढे निश्चित आहे. परंतु त्याची माहिती मुख्यतः मध्ययुगीन आयरिश वाङ्मयातून मिळते, आणि ते ख्रिस्ती लेखनिकांनी लिहिलेले आहे. ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की हा सण मुळात मृतांचाच होता, या समजुतीचा पुरावा फारच विरळ आहे. बालवाडीतील परातीला केल्टिक पुरोहितांशी जोडणारी सरळ रेषा इतिहासात सापडत नाही.

३. नावाचा उगम मात्र स्पष्ट आहे, आणि तो चर्चच्या पंचांगात आहे. आठव्या शतकात पोप ग्रेगरी तिसरा याने रोममधील सेंट पीटर्समध्ये सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनास्थळ अर्पण केले. नवव्या शतकात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस पश्चिम युरोपात रूढ झाला. क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याच्या प्रभावामुळे, इसवी सन १००० च्या आसपास, २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या म्हणजे हॅलोविन. गोव्यातील आणि वसईतील कॅथलिक कुटुंबे २ नोव्हेंबरला आप्तांच्या कबरींवर फुले आणि मेणबत्त्या ठेवतात, ती याच पंचांगानुसार. म्हणजे ज्याला ‘परका’ म्हटले जाते, त्या सणाचे एक सोज्वळ भावंड कोकणपट्टीत कित्येक पिढ्या नांदते आहे.

४. आता खेळांकडे वळू. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स याने १७८५ साली या रात्रीवर एक दीर्घ कविता रचली आणि तिला स्वतःच टिपा जोडल्या. त्या टिपा आज लोकजीवनाच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन आहेत. त्या काळी तरुण-तरुणी डोळे मिटून परसातील केल नावाच्या कोबीवर्गीय भाजीचे रोप उपटत, आणि देठ सरळ आहे की वाकडा यावरून भावी जोडीदाराची अंगलट ताडत. दोन कवचफळे शेकोटीत शेजारी ठेवून ती एकत्र जळतात की उडून दूर पडतात, हे पाहत. डॅनियल मॅक्लीज या चित्रकाराचे १८३३ सालचे ‘स्नॅप-ॲपल नाइट’ हे चित्रही प्रसिद्ध आहे. टांगलेले सफरचंद तोंडाने पकडण्याचा, पाण्यात तरंगणारे सफरचंद दातांनी उचलण्याचा आयर्लंडमधील दंगा त्यात दिसतो. मुले तेथे आहेत, पण रात्र प्रामुख्याने लग्नाच्या वयाच्या तरुणांची आहे. हॅलोविन हा लहान मुलांचा सण नव्हता. तो पुढे मुलांचा करण्यात आला.

५. घराबाहेर निराळाच कारभार चाले. मुले आणि तरुण वेषांतर करून दारोदार जात, गाणे किंवा नक्कल सादर करत आणि खाऊ मिळवत. शलगमसारखे कंद कोरून त्यांत दिवा ठेवला जाई. आयर्लंडच्या मेयो परगण्यातील ग्रामजीवन संग्रहालयात अशा एका कंदाच्या कंदिलाचा प्लास्टरचा ठसा जपून ठेवलेला आहे. त्याचा सुरकुतलेला, बोळका चेहरा आजच्या हसऱ्या नारिंगी भोपळ्यापेक्षा कितीतरी भयाण आहे. शिवाय खोड्या होत्याच. शेताची फाटके पळवायची, गाड्या भलतीकडे नेऊन ठेवायच्या. होळीच्या आदल्या रात्री शेजाऱ्याची लाकडे, गोवऱ्या आणि प्रसंगी मोडकी खाट लंपास करणाऱ्या महाराष्ट्रातील पोरांना हे मुळीच अनोळखी वाटणार नाही. वर्षातून एक रात्र गाव मुलांच्या हवाली करायचे आणि सकाळी चरफडत आपापले फाटक शोधायचे, हा अलिखित करार होता.

६. १८४५ ते १८५२ या काळातील भीषण दुष्काळामुळे लाखो आयरिश लोक अमेरिकेत गेले. स्कॉटिश स्थलांतरित त्याआधीपासून जातच होते. त्यांच्याबरोबर ही रात्रही गेली. तेथे कोरण्यासाठी अमेरिकेतलाच, आकाराने मोठा आणि आतून पोकळ असा भोपळा मिळाला, आणि कंद मागे पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मध्यमवर्गाने या रात्रीला दिवाणखान्यात आणले. मार्था रसेल ऑर्न यांची, हॅलोविन कसे साजरे करावे हे सांगणारी पुस्तिका १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली. निमंत्रणपत्रिका, सजावट, खेळ आणि भविष्यकथन अशा साऱ्याची तीत व्यवस्था होती. ग्रामीण रूढीचे आता ‘कार्यक्रमपत्रिके’त रूपांतर होऊ लागले.

७. दिवाणखाना हवा होता, कारण रस्ता हाताबाहेर चालला होता. खेड्यात फाटक पळवणे हा विनोद असतो. दुसऱ्या दिवशी चोर कोण हे सर्वांना कळते. अनोळखी माणसांच्या औद्योगिक शहरात तीच खोडी नासधूस ठरते. खिडक्यांना साबण फासणे, धोक्याच्या खोट्या घंटा वाजवणे, दिवे फोडणे असे प्रकार वाढले. नगरांपुढे दोन उपाय होते : पोलीस आणि पार्टी. मिनेसोटा राज्यातील अनोका या गावाने १९२० साली मुलांसाठी मिरवणूक काढली, ती खोड्यांना पर्याय म्हणूनच. त्यानंतरच्या दशकांत शाळा, ग्रंथालये, मंडळे आणि महिला संघटना यांनी हाच मार्ग धरला. लहान मुलांच्या हॅलोविन-खेळांचा खरा जन्म येथे होतो. त्यांची आई केल्टिक देवता नाही; ती विसाव्या शतकाच्या आरंभीची धास्तावलेली नगरपालिका आहे.

८. या प्रयत्नाला साहित्य पुरवले कागदाने. मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन ही कंपनी क्रेप कागद तयार करी. तिने १९०९ साली आपले पहिले ‘बोगी बुक’ काढले. मराठीत त्याला ‘बागुलबुवाचे पुस्तक’ म्हणायला हरकत नाही. पुढे १९१२ पासून दोन दशकांहून अधिक काळ ही पुस्तके जवळजवळ दरवर्षी निघत राहिली. त्यांत कागदाचा झगा कसा शिवावा, मांजराची आकृती कशी कापावी, मेज कसे सजवावे, कोणते खेळ खेळावेत, याच्या सूचना असत. हा निर्मळ परोपकार नव्हता. कंपनीला कागद विकायचा होता. तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कंपनी विकत होती तो कच्चा माल आणि कल्पना. कापणे, दुमडणे, चिकटवणे, शिवणे हे घरातल्या हातांवरच सोपवलेले होते. काळा-नारिंगी हॅलोविन घराघरांत रुजला तो या हातांमुळे.

९. हे हात इतक्या सहजपणे कामाला लागले, त्याला आणखी एक पार्श्वभूमी आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिश फ्रोबेल याने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्याच्या पद्धतीत लाकडी गोळे आणि ठोकळे ही ‘देणगी’ होती, तर कागद दुमडणे, कापणे, विणणे, मातीकाम हे ‘व्यवसाय’ होते. १८५६ साली विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन येथे अमेरिकेतील पहिले, जर्मन भाषेतील किंडरगार्टन निघाले. १८६० साली बोस्टनमध्ये इंग्रजी माध्यमातले निघाले, आणि १८७३ साली सेंट लुइसमध्ये ते सरकारी शाळाव्यवस्थेत शिरले. खेळण्यांचा उत्पादक मिल्टन ब्रॅडली हा फ्रोबेलचे साहित्य विकू लागला. क्रेप कागदाचे भूत आले, तेव्हा कागद-कातरीवर शिकलेल्या शिक्षिकांची एक पिढी तयारच होती.

१०. ‘सेन्सरी प्ले’, म्हणजे इंद्रियानुभवाचे खेळ, हा शब्दप्रयोग नवा वाटतो. त्यामागील विचार नवा नाही. १८८५ साली बोस्टनमध्ये गरीब वस्तीतील मुलांसाठी वाळूचा ढीग टाकण्यात आला, आणि अमेरिकेतील सार्वजनिक क्रीडांगणांच्या चळवळीचा आरंभ तेथून मानला जातो. १९०७ साली मारिया माँटेसरी यांनी रोमच्या सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत ‘बालगृह’ उघडले. स्पर्श, वजन, खडबडीतपणा, ध्वनी, गंध यांच्या साहाय्याने मूल जग समजून घेते, हे तत्त्व त्यांनी साधनांच्या रूपात मांडले. येथे एक साम्य डोळ्यांत भरते. वाळूचा ढीग काय, बालगृह काय, दोन्ही गोष्टी रस्त्यावरच्या मुलांसाठी जन्मल्या. आज महागड्या प्ले-ग्रुपचे आकर्षण ठरलेली परात मुळात गरिबांच्या मुलांकरिता मांडलेली होती.

११. ‘प्ले-डो’ची कथाही येथे सांगण्याजोगी आहे. सिनसिनाटीतील एक कंपनी भिंतीवरच्या कागदाला लागलेली कोळशाची काजळी पुसण्यासाठी कणकेसारखा लगदा विकत असे. घरे तापवण्यासाठी कोळशाऐवजी गॅस आला, काजळी गेली, आणि लगद्याचे गिऱ्हाईक संपत आले. तेव्हा के झुफॉल या बालवाडी-शिक्षिकेने तो मुलांच्या हाती दिला आणि ते किती रमतात हे कंपनी चालवणाऱ्या आपल्या नातलगाला दाखवले. १९५६ साली तोच लगदा खेळणे म्हणून बाजारात आला. मराठी स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना पायांत घोटाळणाऱ्या मुलाला कणकेचा गोळा देणाऱ्या आजीने हा शोध कितीतरी आधी लावला होता. तिने त्याचा डबा विकला नाही, एवढेच.

१२. हॅलोविनच्या पार्ट्यांत एक जुना खेळ असे. दिवे मालवायचे, एकाने भेसूर आवाजात मृत माणसाची गोष्ट सांगायची, आणि वर्तुळात एकेक वस्तू हातोहात फिरवायची. सोललेली द्राक्षे म्हणजे डोळे, थंड शेवया म्हणजे आतडी, ओल्या वाळूने भरलेला हातमोजा म्हणजे प्रेताचा हात. किंकाळ्या उठत. मग दिवा लागे आणि सारे हसत सुटत. आजच्या परातीचा हा खरा पूर्वज. त्याने साधलेली गोष्ट लहान नव्हती. भीती कल्पनेत असते तोवर तिला आकार नसतो. ती तळहातावर आली, गार लागली, चिकट लागली, आणि शेवटी द्राक्ष निघाली, की मुलाला एक ज्ञान होते : भय हे कोणीतरी रचलेले असू शकते, आणि म्हणून ते उलगडताही येते.

१३. १९३० च्या दशकात महामंदी आली आणि रस्त्यावरची नासधूस पुन्हा भडकली. पार्टीची पुस्तके दिवाणखाना असणाऱ्यांसाठी होती; ज्यांच्याकडे तो नव्हता ती मुले रस्त्यावरच राहिली होती, हे विसरून चालणार नाही. या काळात एक नवा तह रूढ झाला : ‘ट्रिक ऑर ट्रीट’, म्हणजे खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू. १९२० च्या दशकातील कॅनडाच्या वृत्तपत्रांत हा प्रकार दिसतो. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन मासिके गृहिणींना त्याची शिफारस करू लागली. युद्धकाळात साखरेचे नियंत्रण आले आणि ते १९४७ पर्यंत टिकले. १९४२ साली शिकागोच्या नगरसभेने हॅलोविन रद्द करून त्या जागी ‘बचत दिन’ पाळण्याचा ठराव केला. तो टिकला नाही. नियंत्रण उठताच मुले पुन्हा दारात उभी राहिली, आणि या वेळी मिठाईचे कारखाने त्यांच्यासाठी सज्ज होते.

१४. युद्धोत्तर दशकांत दोन गोष्टी हातातून सुटल्या. पहिली, वेष. १९३७ पासून व्यवसायात असलेल्या बेन कूपरसारख्या कंपन्यांनी प्लास्टिकचा मुखवटा आणि छापील झगा खोक्यात घालून स्वस्तात विकला. दुसरी, खाऊ. सुरुवातीला दारात सफरचंद, लाह्यांचे लाडू, घरचे गोड पदार्थ मिळत. १९७० च्या दशकात सफरचंदात पाते, मिठाईत विष अशा वदंता पसरल्या. १९७४ साली टेक्सासमध्ये खरोखरच एका मुलाचा विषाने मृत्यू झाला. परंतु विष घालणारा अनोळखी शेजारी नव्हता, त्याचा बाप होता. १९८२ च्या शरद ऋतूत शिकागो परिसरात औषधाच्या कुप्यांत सायनाइड मिसळल्याने सात माणसे दगावली, आणि भीतीला खतपाणी मिळाले.

१५. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी सहकाऱ्यासह १९८५ साली या वदंतांचा मागोवा प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाने दारात दिलेल्या खाऊमुळे मूल मेल्याची किंवा गंभीर जखमी झाल्याची एकही सिद्ध घटना त्यांना आढळली नाही. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. शेजारणीच्या हातचा लाडू धोकादायक आणि कारखान्याचे सीलबंद वेष्टन सुरक्षित, हे समीकरण मनात पक्के झाले होते. धोका होता तो निराळाच. अमेरिकेतील १९७५ ते २०१६ या काळातील रस्ते-अपघातांच्या अभ्यासात, २०१९ साली एका बालरोग-नियतकालिकात, असे दाखवण्यात आले की हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूची जोखीम जवळपासच्या इतर संध्याकाळींच्या तुलनेत ४३ टक्क्यांनी अधिक असते. समाज शेजाऱ्याच्या हाताला भ्यायला. भ्यायला हवे होते मोटारीला.

१६. हा सारा प्रवास ओळीने मांडला तर एक सूत्र दिसते. आधी कंद शेतातला, चाकू घरातला, खोडी मुलांची. मग कागद कंपनीचा, पण कातर घरातली. मग मुखवटा कंपनीचा आणि खाऊही कंपनीचा. अखेरीस मुलाकडे उरले ते पिशवी धरण्याचे काम. बाजारीकरण हा शब्द येथे पुरेसा नाही, कारण बाजार तर १९०९ सालीही होता. फरक असा, की बाजार पूर्वी हाताला काम देत होता आणि नंतर तो हाताचे काम काढून घेऊ लागला. या धाग्याच्या मते हॅलोविनच्या बालखेळांचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हावे.

१७. ही घसरण केवळ बाजारातच झाली असे नाही. ती शाळेच्या आतही झाली. फ्रोबेलचे ‘व्यवसाय’ अमेरिकेत लवकरच कवायत बनले. प्रत्येक मुलाने ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या रेषेवर, ठरलेली घडी घालायची. जॉन ड्युई यांनी या साचेबंदपणावर टीका केली. पॅटी स्मिथ हिल यांनी मोठे ठोकळे आणि मोकळा खेळ यांचा आग्रह धरला. शंभर वर्षांनंतरही हा वाद संपलेला नाही. भिंतीवर तीस सारखे भोपळे लागलेले असतात. कापलेले शिक्षिकेने, आखलेले शिक्षिकेने, मुलाने केवळ डोळा चिकटवलेला, तोही शिक्षिकेने बोट धरून. पालक छायाचित्र पाहून प्रसन्न होतात. हे हस्तकलेचे प्रदर्शन झाले, हस्तकला नव्हे.

१८. ‘विकत घेतलेली परात’ ही त्याची पुढची पायरी. पाण्यात फुगणारे रंगीत मणी गेल्या काही वर्षांत इंद्रियानुभवाचे साधन म्हणून जोरात खपले. ते गिळले गेल्यास पोटात फुगून आतडे अडवू शकतात. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ॲमेझॉन, वॉलमार्ट, टार्गेट या अमेरिकन विक्रेत्यांनी मुलांसाठी म्हणून विकले जाणारे असे मणी बंद करण्याचे जाहीर केले. याउलट भोपळ्याचा गर तोंडात गेला तर बिघडत नाही. अर्थात नैसर्गिक ते सारे निर्धोक, असेही नाही. सुके वाटाणे, राजमा, अख्खी द्राक्षे आणि भोपळ्याच्या बियासुद्धा लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. म्हणून तेथे मोठ्या माणसाची नजर सतत हवीच. पण नजर ठेवणे वेगळे आणि हात धरून चालवणे वेगळे.

१९. महाराष्ट्राला हा विचार अमेरिकेतून आयात करण्याची गरज नव्हती. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरी स्वतः मद्रासला आल्या त्या १९३९ साली, म्हणजे त्यानंतर. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि पुढे कोसबाडला तो आदिवासी मुलांपर्यंत गेला. माँटेसरीची आयात साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून माती, पाने, बिया, शिंपले अशा भोवतालच्या वस्तू शैक्षणिक साधने बनल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘परात’ हा शब्द कोणी उच्चारला नसेल. तत्त्व तेच होते.

२०. दिवाळीतला किल्ला हे तर त्याचे घराघरांतील रूप. विटा, दगड, पोती, चिखल. बुरुजांवर पेरलेले अळीव किंवा मोहरी. वर मातीचे मावळे आणि सिंहासनावर महाराज. २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. एकाच दिवशी काही सोसायट्यांच्या एका कोपऱ्यात किल्ला आणि दुसऱ्यात कागदी वटवाघळे असा योग आला. अनेकांना तो संस्कृतींचा संघर्ष वाटला. परंतु शेजारच्याच दुकानात प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला मिळत होता, आणि तो घरी आणणाऱ्याला आपण परंपरा मोडली असे वाटत नव्हते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावे, की मुलाने स्वतः कापलेले वेडेवाकडे वटवाघूळ आणि बापाने विकत आणलेला सुबक रायगड, यांपैकी किल्ला करणाऱ्या मुलांच्या परंपरेच्या जवळ काय आहे?

२१. आक्षेपांचा विचार प्रामाणिकपणे व्हायला हवा. परकेपणाचा आक्षेप पूर्णतः पोकळ नाही. ज्या मुलांना आकाशकंदिलाची खळ कशी करतात हे ठाऊक नाही, त्यांना तयार हॅलोविन-संच देण्याची शाळेला काहीच निकड नाही. मात्र त्यावरचा उपाय सणावर बंदी हा नसून कातर मुलाच्या हाती देणे हा आहे. भयाचा आक्षेपही अंशतः खरा आहे. तीन वर्षांच्या मुलासमोर अचानक मुखवटा घालून उभे राहणे क्रूरपणाचे आहे. पण तोच मुखवटा मुलाने स्वतः रंगवला असेल, तर त्याला आत काय आहे हे माहीत असते. आणि ‘नुसती मजा’ म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे, की ही मजा घडवण्यात फ्रोबेलपासून ताराबाईंपर्यंत अनेकांनी आयुष्ये वेचली आहेत. ती इतकी स्वस्त नाही.

२२. तेव्हा बालवाडीतील अशा कार्यक्रमाबद्दल मत बनवण्यापूर्वी तीन प्रश्न पुरेसे आहेत. हे कोणी कापले? काय करायचे हे कोणी ठरवले? आणि कार्यक्रम संपल्यावर मुलाजवळ काय उरले? तिन्हींचे उत्तर ‘मूल’ या शब्दाकडे झुकत असेल, तर सणाचे नाव हॅलोविन असो, दिवाळी असो वा आणखी काही, ती रात्र वाया गेलेली नाही. उत्तर ‘दुकान’ असेल, तर अस्सल देशी सणसुद्धा मुलाचा राहिलेला नाही.

२३. आणि परातीतल्या त्या भोपळ्याविषयी. गावकऱ्यांनी कंद कोरला, कारण तो शेतात होता; अमेरिकेत भोपळा कोरला, कारण तो तेथे पिकत होता. महाराष्ट्रात लाल भोपळा मुबलक मिळतो. मुलांनी धुतलेल्या हातांनी त्याचा थोडा गर चाचपून पाहावा, बिया वेचून वाळत घालाव्यात, आणि वेगळा काढून ठेवलेल्या भोपळ्याचे घारगे करून त्यांना खाऊ घालावेत. बिया पावसाळ्यात परसात पेरता येतील. वेल आला, तर पुढच्या ऑक्टोबरचा भोपळा मुलांचा स्वतःचा असेल.

धागा समाप्त. आपल्या गावी किल्ल्यासाठी माती कोठून आणली जाई आणि कोणत्या वर्षापासून ती आणणे थांबले, हे वाचकांनी खाली अवश्य नोंदवावे. त्या नोंदी हासुद्धा इतिहासच आहे.